नानाभाई मूस

मुंबई बेटाच्या दक्षिण टोकाला, कुलाब्याच्या समुद्रकाठी, १८२६ साली एक वेधशाळा उभी राहिली. तारे व ग्रह यांचे वेध घेणे आणि बंदरातील जहाजांना अचूक वेळ कळविणे ही तिची आरंभीची कामे. पुढे १८४६ पासून तेथे पृथ्वीच्या चुंबकत्वाचीही अखंड नोंद होऊ लागली.

टांगलेली चुंबकसूची दक्षिणोत्तर दिशेस स्थिर राहते, असे आपण म्हणतो. वास्तविक ती पूर्ण स्थिर कधीच नसते. दिवस चढू लागला की ती किंचित सरकते व रात्री पुन्हा जागेवर येते; सूर्यावर मोठी खळबळ माजली तर तिला जणू कापरे भरते. हा फरक इतका सूक्ष्म, की पृथ्वीचे चुंबकीय बल एरवी दिवसभरात सुमारे एक हजारांशानेच कमीजास्त होते. तो टिपावयाचा म्हणजे डोळ्यांत तेल घालून बसणे आले. प्रसिद्ध गणिती केरूनाना छत्रे यांनीही तरुणपणी काही वर्षे याच वेधशाळेत काम केले होते.

१८५९ साली एका पारशी कुटुंबात नानाभाई अर्देशिर फ्रामजी मूस यांचा जन्म झाला. स्कॉटलंडमधील एडिनबरो येथे त्यांनी विज्ञानाचे उच्च शिक्षण घेतले, आणि १८९६ साली कुलाब्याच्या वेधशाळेची सूत्रे त्यांच्या हाती आली. त्या पदावर बसलेले ते पहिले भारतीय होत. दोनच वर्षांत त्यांच्या देखरेखीखाली तेथे भूकंपमापक यंत्रही बसले. परंतु त्यांची खरी कसोटी लागावयाची होती ती निराळ्याच कारणाने.

मुंबईत १८७४ पासून घोड्यांच्या ट्रामगाड्या धावत होत्या. आता त्या विजेवर चालविण्याचे घाटत होते. नगरवासीयांना याचा आनंद होणे स्वाभाविक होते. नानाभाईंना मात्र त्यात साठ वर्षांच्या नोंदींवर येणारे संकट दिसले.

वीज वाहत असलेल्या तारेजवळ चुंबकसूची नेली की ती वळते, हे डेन्मार्कच्या अर्स्टेड या शास्त्रज्ञाने १८२० साली दाखवून दिले होते. पाच वर्षांनी इंग्लंडच्या स्टर्जनने नालाच्या आकाराच्या लोखंडी गजाभोवती तांब्याच्या तारेचे अठरा वेढे घातले व तारेतून वीज सोडली. तो दोनशे ग्रॅमचा गज सुमारे चार किलो लोखंड उचलून धरू लागला. प्रवाह तोडताच ते वजन खाली पडले. हाच विद्युत्चुंबक. अमेरिकेच्या हेन्रीने वेष्टन केलेल्या तारेचे अनेक थर गुंडाळून १८३१ साली नऊशे किलोंहून अधिक भार पेलणारा विद्युत्चुंबक केला. वेढे वाढवावे, प्रवाह वाढवावा, आत मऊ लोखंडाचा गाभा घालावा, म्हणजे बळ वाढते. तारेपासून दूर जावे तसा तिचा प्रभाव ओसरतो.

विजेच्या ट्रामला डोक्यावरील तारेतून प्रवाह मिळतो आणि तो रुळांवाटे वीजघराकडे परततो. काही भाग वाटेत जमिनीतही झिरपतो. तार व रूळ मिळून शहराएवढे एक वेटोळेच तयार होते म्हणावयाचे. त्यात वेढा एकच आणि मध्ये लोखंडी गाभाही नाही. पण प्रवाह फार मोठा, आणि तोही गाडी सुटताच वाढणारा व थांबताच घटणारा. एक हजारांशाहूनही लहान फरक दाखविणाऱ्या सूचीला एवढे पुरेसे होते. ती सूर्याचे सांगते आहे की कुलाब्याच्या ट्रामचे, हे कळण्यास मार्ग उरला नसता.

भिंतींनी हा प्रभाव अडत नाही. लोखंडाचा आडोसा करावा तर तेच लोखंड सूचीस ओढणार. तेव्हा अंतर हाच एक उपाय राहिला. नानाभाईंनी मुंबईच्या दक्षिणेस सुमारे तीस किलोमीटरवर, खाडीपलीकडील अलिबाग निवडले. त्या जिल्ह्याचेही नाव तेव्हा कुलाबाच होते. आजचा रायगड तो हाच. केरूनानांचे जन्मगाव नागाव अलिबागेच्या अगदी जवळ आहे, हा एक योगायोग.

जागा मिळाली तरी इमारत कशाची बांधावी? महाडपासून रायगडच्या पायथ्यापर्यंत, वाटेवरच्या नाते गावी, सर्वत्र दिसणारा काळा कातळ कोकणात मुबलक. परंतु त्यात चुंबकीय लोहखनिजाचे कण असतात, आणि अशा खडकालगत होकायंत्रही चुकू शकते. म्हणून पारखून घेतलेला पोरबंदरी दगड वापरण्यात आला, आणि धातूचे काम तांब्यापितळेचे केले. लोखंडाचा खिळासुद्धा तेथे वर्ज्य होता.

एवढ्यानेही काम संपले नाही. जागा बदलली की चुंबकीय बलाचे मूल्यही बदलते. जुनी नोंदवही मिटून नवी उघडली असती, तर साठ वर्षांचा धागा मध्येच तुटला असता. यासाठी १९०४ ते १९०६ अशी दोन वर्षे नानाभाईंनी कुलाबा व अलिबाग या दोन्ही ठिकाणी एकाच वेळी वेध घेतले. दोहोंतील फरक नक्की कळला आणि धागा जुळला. मग कुलाब्याच्या चुंबकसूचींना विश्रांती मिळाली. ७ मे १९०७ रोजी मुंबईत विजेची ट्राम धावू लागली, तेव्हा अलिबागच्या सूचींना तिची वार्ताही नव्हती.

त्यानंतर नानाभाई एका किचकट कामाला लागले. १८४६ ते १९०५ पर्यंतच्या नोंदी तपासून, कोष्टकांत मांडून व त्यांची चर्चा करून त्यांनी १९१० साली दोन भागांचा मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. या श्रमाचे मोल बाहेरच्या जगाला लगेच कळले असेल असे नाही. आकड्यांची पाने उलटणारे वाचक थोडेच. १९१९ साली ते निवृत्त झाले व १९३६ साली निवर्तले. मुंबईची ट्राम १९६४ साली बंद पडली. अलिबागची वेधशाळा मात्र आजही चालू आहे.

नानाभाईंच्या जन्माच्या सुमारे दोन महिने आधी, सप्टेंबर १८५९ च्या आरंभी, पृथ्वीवर एक प्रचंड चुंबकीय वादळ झाले होते. युरोप-अमेरिकेत तारायंत्रे बिघडली आणि उष्ण प्रदेशांच्या आसपासही आकाशात ध्रुवीय प्रकाश दिसला. २००३ साली शास्त्रज्ञांनी त्या वादळाचे बळ मोजावयाचे ठरविले, तेव्हा त्यांना आधार मिळाला तो कुलाब्याच्या वेधशाळेत त्या दिवशी डोळ्यांनी पाहून हाताने लिहिलेल्या आकड्यांचा.