ताऱ्यांना कान लावून बसलेला माणूस

मराठी विभागासाठी काहीतरी लिहून दे, असं संपादक मंडळातल्या ताईने सांगितलं तेव्हा मला अक्षरशः घाम फुटला. दहावीपर्यंत कॉन्व्हेंट, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाशी माझी लढाई अजून चालूच आहे. तेव्हा आधीच सांगते, चूकभूल द्यावी घ्यावी! पण एका माणसाबद्दल मला लिहायचंच होतं.

सुरुवात झाली एका सिनेमापासून. गेल्या सेमिस्टरला, सबमिशनच्या आदल्या आठवड्यात (दुसरा मुहूर्त कधी मिळतो?), रूममेटच्या लॅपटॉपवर आम्ही 'कॉन्टॅक्ट' बघितला. रॉबर्ट झेमेकिस यांचा 1997 चा सिनेमा. परग्रहवासीयांचा सिनेमा म्हणजे उडत्या तबकड्या आणि शहरांचा चक्काचूर, ही माझी समजूत. इथे त्यातलं काहीच नाही. एली नावाची एक शास्त्रज्ञ रेडिओ दुर्बिणींच्या रांगेसमोर हेडफोन लावून बसलेली असते, आणि एक दिवस वेगा, म्हणजे आपल्या अभिजित ताऱ्याकडून ठोके ऐकू येतात. 2, 3, 5, 7... सगळ्या मूळ संख्या! निसर्ग आपणहून असे ठोके मोजत नाही. म्हणजे तिकडे कोणीतरी आहे.

पुढे एली एका यंत्रात बसून तिथे जाते. तिला भेटतं कोण? तिच्या लहानपणीच वारलेले तिचे बाबा! म्हणजे त्यांचं रूप घेतलेलं कोणीतरी. परत आल्यावर तिच्याकडे पुरावा शून्य. कॅमेऱ्यात नुसती खरखर. चौकशी समितीसमोर ती रडते, पण आपल्याकडे पुरावा नाही हे कबूल करते. इथे आम्ही दोघीही रडलो. शेवटी पडद्यावर एक छोटीशी ओळ येते. सिनेमा कुणा कार्लला अर्पण केलेला असतो.

हा कार्ल कोण, ते शोधता शोधता सबमिशन राहिलं बाजूला.

कार्ल सेगन यांचा जन्म 9 नोव्हेंबर 1934 रोजी न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात झाला. वडील रशियन साम्राज्यातून आलेले, कपड्यांच्या कारखान्यात काम करणारे. घरात विज्ञानाचा गंध नाही. लहानगा कार्ल वाचनालयात गेला आणि स्टार्सवरचं पुस्तक मागितलं, तर त्याच्या हातात हॉलिवूडच्या नटनट्यांचं पुस्तक आलं! मग हवं ते पुस्तक मिळालं, आणि त्यात त्याला कळलं की तारे म्हणजे सूर्यच आहेत, फक्त फार लांबचे. तेव्हापासून हा मुलगा तिथलाच झाला.

शिकागो विद्यापीठात शिक्षण झालं, 1960 मध्ये पीएच.डी. मिळाली. तेव्हा शुक्रावर जीवसृष्टी असेल असं मानणारे बरेच होते. सेगन यांनाही असे जीव सापडायला हवेच होते. पण त्यांनी गणित मांडलं ते हरितगृह परिणामाचं, आणि उत्तर आलं की शुक्र म्हणजे पेटलेली भट्टी आहे. 1962 मध्ये मरिनर 2 यान शुक्राजवळून गेलं आणि तो तापलेलाच निघाला. मंगळावरचे ऋतूनुसार बदलणारे काळे पट्टे म्हणजे वनस्पती, अशीही एक गोड कल्पना होती. सेगन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की ती वाऱ्याने उडणारी धूळ आहे. म्हणजे बघा, ज्याला जीवसृष्टी शोधायची होती, त्यानेच आपल्या हाताने दोन ग्रहांवरची आशा कमी केली.

1968 मध्ये हार्वर्डने त्यांना कायमची नोकरी नाकारली. ते कॉर्नेलला गेले आणि शेवटपर्यंत तिथेच राहिले. 1977 मध्ये व्हॉयेजर यानांवर सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी पाठवली, तिच्या समितीचे ते प्रमुख होते. 55 भाषांतले नमस्कार त्यात आहेत आणि त्यात मराठीसुद्धा आहे! शिवाय गोव्याच्या केरी गावात जन्मलेल्या सूरश्री केसरबाई केरकर यांची भैरवी आहे. यानं उडाली त्याच सुमारास, 16 सप्टेंबर 1977 ला, केसरबाई गेल्या. त्यांचा आवाज मात्र अजून पुढे पुढे चाललाय. हे वाचलं तेव्हा, मराठीचा पेपर म्हटलं की पोटात दुखणाऱ्या माझ्यासारखीलाही भरून आलं.

1980 मध्ये 'कॉसमॉस' ही तेरा भागांची मालिका आली आणि सेगन घराघरात पोचले. त्याच सुमारास त्यांनी आणि अ‍ॅन ड्रुयान यांनी 'कॉन्टॅक्ट'ची कथा सिनेमासाठी लिहिली. सिनेमा रखडला, म्हणून 1985 मध्ये त्याची कादंबरी झाली. त्यातला प्रवास विज्ञानाला धरून व्हावा म्हणून सेगन यांनी किप थॉर्न या मित्राला विचारलं. थॉर्न यांनी वर्महोलचा मार्ग सुचवला आणि त्यातून 1988 मध्ये खरा शोधनिबंध तयार झाला. पुढे 2017 मध्ये गुरुत्वीय लहरींसाठी नोबेल मिळालेले थॉर्न ते हेच.

कादंबरीच्याच वर्षी हार्वर्डच्या 26 मीटरच्या रेडिओ दुर्बिणीवर 'मेटा' नावाचा शोध सुरू झाला. तब्बल 84 लाख चॅनेल्स एकदम ऐकणारं यंत्र! पैसे दिले होते 'ई.टी.' वाल्या स्टीव्हन स्पीलबर्ग यांनी. पाच वर्षं आकाश ऐकून झाल्यावर पॉल हॉरोविट्झ आणि सेगन यांनी 1993 मध्ये निष्कर्ष छापले. 37 संशयास्पद सिग्नल्स सापडले होते.

मित्रांनो, क्षणभर त्यांच्या जागी आपण आहोत असं समजा. आयुष्यभर ज्याची वाट बघितली ते हातात आलंय. एक पत्रकार परिषद घेतली की झालं! पण पुन्हा त्याच जागी दुर्बीण रोखली तर त्यातला एकही सिग्नल परत आला नाही. म्हणून त्यांनी शोध लागला असं म्हटलं नाही. बस्स.

आणखी एक गोष्ट मला फार लागली. सेगन यांचं आईवडिलांवर अतोनात प्रेम होतं. त्यांनी लिहून ठेवलंय की ते दोघे गेल्यावरही आपल्याला त्यांची हाक अनेकदा स्पष्ट ऐकू आली. वर्षातून पाच मिनिटं जरी त्यांच्याशी बोलता आलं असतं तर त्यांना हवं होतं. पण हे आपल्या मेंदूचे खेळ आहेत, हेही त्यांनी तितक्याच सरळपणे लिहिलं. एलीला समुद्रकिनारी तिचे बाबा का भेटतात, ते मला तेव्हा समजलं. म्हणजे मला तरी असं वाटतं. जे प्रत्यक्षात मागायचं नाही असं ठरवलं होतं, ते त्यांनी गोष्टीत मागून घेतलं.

ते चुकले नाहीत असं नाही. 1991 मध्ये कुवेतच्या पेटलेल्या तेलविहिरींचा धूर आशियातल्या शेतीपर्यंत परिणाम करेल, असा इशारा त्यांनी दिला होता. तसं झालं नाही. ही चूक त्यांनी स्वतःच्याच पुस्तकात नोंदवली.

1994 च्या सुमारास त्यांना रक्ताचा गंभीर आजार झाला. बहिणीने तीनदा आपली अस्थिमज्जा दिली. 'कॉन्टॅक्ट'चं काम चालू असतानाच, 20 डिसेंबर 1996 ला सेगन गेले. वय फक्त 62. सिनेमा त्यांनी पूर्ण बघितलाच नाही, आणि आकाशातून उत्तरही आलं नाही. सिनेमात दिसणारी अरेसिबोची अवाढव्य दुर्बीणही 2020 मध्ये कोसळली.

आता माझं सबमिशन! यागी अँटेनाचा रेडिएशन पॅटर्न काढायचा होता. दर 10 अंशांवर एक रीडिंग. माझ्या आलेखाला मागच्या बाजूला एक भलताच फुगवटा येत होता. मग आपण सगळे करतो तेच मी केलं होतं. सिनियरच्या जर्नलमधली रीडिंग्ज पेन्सिलने उतरवून ठेवली होती, छान पुस्तकासारखी. पण ते 37 सिग्नल्स काही डोक्यातून जाईनात. 84 लाख चॅनेल्स ऐकून एक माणूस खोटं बोलत नाही, आणि मी 36 रीडिंग्जसाठी...

पेन्सिल खोडली. फुगवटा होता तसा काढला. त्यावर लाल पेनाचं मोठं प्रश्नचिन्ह आलं आणि दोन मार्क गेले. फुगवटा कशाने आला ते अजून कळलेलं नाही. मागच्या लोखंडी कपाटावर माझा संशय आहे. या सेमिस्टरला लॅब रिकामी मिळाली की कपाट सरकवून पुन्हा रीडिंग घेणार आहे. कोणाला मदतीला यायचं असेल तर जरूर या, कपाट जड आहे!