गोळीचा वेग मोजणारा बेंजामिन रॉबिन्स

निर्मलचे जुने किल्ले आणि बुरूज आपल्या आदिलाबादकडील पुष्कळ विद्यार्थ्यांनी पाहिले असतील. ते पाहताना एक प्रश्न मनात यावयास हवा. शत्रूची गोळी थांबविण्यास भिंत किती जाड हवी? लाकडी फळीत, मातीच्या भरावात किंवा दगडात गोळी किती खोल शिरेल? शतकानुशतके या प्रश्नाचे उत्तर गवंड्याचा अनुभव आणि गोलंदाजाचा अदमास यांवरच अवलंबून होते. ते प्रथम मोजमापाच्या कक्षेत आणले बेंजामिन रॉबिन्स या इंग्रज गणितज्ञाने. आणि त्याच्या आयुष्याचा शेवट आपल्याच देशात झाला.

रॉबिन्सचा जन्म १७०७ साली इंग्लंडातील बाथ या गावी एका गरीब शिंप्याच्या घरी झाला. घराणे क्वेकर पंथाचे. शस्त्र हाती धरू नये, युद्धात भाग घेऊ नये, अशी या ख्रिस्ती पंथाची शिकवण. अशा घरात जन्मलेल्या मुलाच्या हातून तोफबंदुकांचे शास्त्र निर्माण व्हावे, हा एक दैवयोगच म्हणावयाचा! गणितातील त्याची गती पाहून हितचिंतकांनी त्याला लंडनला पाठविले. न्यूटनच्या एका सिद्धान्ताची उपपत्ती त्याने लिहिली आणि १७२७ साली, अवघ्या विसाव्या वर्षी, तो रॉयल सोसायटीचा सभासद झाला. पुढे शिकवण्या करीत असतानाच पूल, गिरण्या, बंदरे आणि किल्ले यांच्या बांधणीकडे त्याचे लक्ष वळले.

त्या काळी तोफेच्या गोळ्याचा मार्ग गॅलिलिओने सांगितलेल्या वक्ररेषेचा असतो, असे विद्वान मानीत. हवा विरळ आहे, तेव्हा तिचा अडथळा जमेस धरण्याचे कारण नाही, अशी पुष्कळांची समजूत होती. परंतु या हिशेबाने बंदुकीची गोळी सुमारे १७ मैल जावयास हवी होती. प्रत्यक्षात ती अर्धा मैलही धड जात नसे. गणित आणि अनुभव यांत एवढे अंतर का पडावे? याचा उलगडा होण्यास गोळीचा वेग मोजणे अवश्य होते. पण जी डोळ्यांस दिसतही नाही, तिचा वेग मोजावयाचा कसा?

रॉबिन्सने योजलेली युक्ती अगदी साधी होती. त्याने एक मजबूत तिकाटणे उभारून त्याला लोखंडी लंबक टांगला आणि त्यावर लाकडाचा जाड ठोकळा बसविला. बंदुकीची गोळी ठोकळ्यात घुसून तेथेच रुतून बसे आणि लंबक मागे झोका घेई. झोका किती लांब गेला, हे त्याला लावलेल्या फितीवरून कळे. गोळीचे वजन होते पौंडाचा सुमारे बारावा भाग, तर लंबकाचे सुमारे ५६ पौंड. म्हणजे लंबक गोळीहून सुमारे पावणेसातशे पट जड. त्यामुळे गोळीचा भयंकर वेग लंबकाच्या संथ झोक्यात उतरे. झोका मोजावयाचा आणि न्यूटनच्या नियमांनी गोळीचा मूळ वेग काढावयाचा! हा वेग दर सेकंदास सुमारे १७०० फूट निघाला.

मग त्याने लंबक निरनिराळ्या अंतरांवर ठेवून गोळ्या झाडल्या. अंतर वाढले की वेग किती घटतो, हे त्यावरून समजले. पाऊण इंच व्यासाच्या गोळीला त्या वेगात हवेचा विरोध तिच्या स्वतःच्या वजनाच्या सुमारे १२० पट होतो, असे त्यास आढळले. जिला सर्वांनी क्षुद्र मानले होते, त्या हवेनेच सतरा मैलांचा अर्धा मैल केला होता. शिवाय ध्वनीच्या वेगाच्या आसपास हा विरोध एकाएकी वाढतो, हेही त्याच्या ध्यानात आले.

वस्तूत गोळी किती खोल शिरते, याचाही त्याने शोध घेतला. दर सेकंदास १७०० फूट वेगाची गोळी एल्म वृक्षाच्या लाकडात सुमारे ५ इंच शिरली. एकाच जातीच्या पदार्थात ही खोली वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते, असा नियम त्याने मांडला. म्हणजे वेग दुप्पट झाला तर खोली चौपट. तथापि अधिक वेग म्हणजे अधिक नाश, असे मात्र त्याने मानले नाही. जहाजाची फळी जेमतेम भेदणारा गोळा मोठे भगदाड पाडतो आणि लाकडाच्या ढलप्या उडवितो. अति वेगाचा गोळा नुसता आरपार निघून जातो, हे त्याने दाखवून दिले.

हे शोध त्याने १७४२ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. ऑयलर या थोर गणितज्ञाने १७४५ साली त्या ग्रंथाचे जर्मन भाषांतर करून त्यावर विस्तृत टीका लिहिली. १७४६ साली रॉबिन्सला रॉयल सोसायटीचे कोप्ले पदक मिळाले. पुढे तोफखान्यातील तरुण अधिकारी असताना नेपोलियननेही त्याच्या ग्रंथाचा अभ्यास केला.

त्याचा आणखी एक प्रयोग मोठा कौतुकाचा आहे. त्याने बंदुकीच्या नळीचे टोक डावीकडे किंचित वाकविले आणि पातळ कागदांचे पडदे एकामागे एक उभे करून गोळी झाडली. गोळी आरंभी डावीकडे गेली आणि पुढे उजवीकडे वळली! नळीत घासून निघताना गोळीस जी फिरकी मिळते, तिच्यामुळे हवा तिला बाजूस ढकलते, हे यावरून सिद्ध झाले. क्रिकेटमधील फिरकी चेंडू हवेत वळतो, त्याचेही एक कारण हेच. मग गोळीस हवी तशीच फिरकी दिली तर? नळीत आतून पीळदार खाचा पाडाव्या, म्हणजे गोळी आपल्या मार्गाच्या आसाभोवती फिरेल आणि नेम चुकणार नाही, असे त्याने १७४७ साली प्रतिपादिले. अशा बंदुका जे राष्ट्र प्रथम अंगीकारील, ते इतरांवर मात करील, हे त्याचे भाकीत एकोणिसाव्या शतकात खरे ठरले. १८५७ साली ज्या काडतुसांनी आपल्या देशात असंतोषाचा भडका उडाला, ती अशाच पीळदार नळीच्या एनफील्ड बंदुकांची होती.

ईस्ट इंडिया कंपनीने १७४९ साली रॉबिन्सला आपल्या हिंदुस्थानातील किल्ल्यांचा मुख्य अभियंता नेमले. १७५० च्या जुलैत तो मद्रास किनाऱ्यावर उतरला. मद्रास आणि कडलूरजवळचा सेंट डेव्हिडचा किल्ला यांच्या मजबुतीचे आराखडे त्याने तयार केले. परंतु येथील हवा त्यास मानवली नाही. २९ जुलै १७५१ रोजी, वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी, त्याच सेंट डेव्हिडच्या किल्ल्यात त्याचे निधन झाले.

हा किल्ला मुळात आपल्याच लोकांकडून इंग्रजांच्या हाती गेला होता. १६९० साली जिंजीहून राज्यकारभार पाहणाऱ्या छत्रपती राजाराम महाराजांकडून इंग्रजांनी तो विकत घेतला. करार असा होता की, किल्ल्यावरून सोडलेला तोफेचा गोळा जेथवर जाईल, तेथवरची भूमी त्यासोबत द्यावयाची. इंग्रजांनी मद्रासेहून आपली लांब पल्ल्याची तोफ आणविली आणि तिच्या गोळ्याच्या टप्प्यात आलेली गावे, खुद्द कडलूरसुद्धा, ताब्यात घेतली. आपल्या बाजूने तोफेच्या पल्ल्याचा अंदाज होता. समोरच्याने आपले साधन पारखून आणले होते. गावे गेली ती या फरकाने.

विद्यार्थी मित्रहो, रॉबिन्सच्या विद्येने इंग्रजांचीही कायमची पाठराखण केली नाही. तोच किल्ला १७५८ साली फ्रेंचांनी जिंकून उद्ध्वस्त केला. विद्या कोणा एका राष्ट्राची बटीक नसते. जो मोजण्याचे कष्ट घेतो, तिच्याकडे ती जाते. पुण्याजवळ पाषाण येथे १९५८ साली स्थापन झालेल्या आपल्या आयुध संशोधन संस्थेत भारतीय शास्त्रज्ञ शस्त्रास्त्रांच्या कसोट्या आज स्वतः घेतात, हे त्या दृष्टीने फार मोलाचे आहे. कोणी सांगितले म्हणून न मानता, जे मोजता येईल ते मोजून पाहावे, ही सवय प्रयोगशाळेत पाऊल टाकण्यापूर्वीच, शाळेच्या बाकावर लावून घेतली पाहिजे.