वेगाचा उपासक

जुन्नर तालुक्यातील घाटघर हे गाव सह्याद्रीच्या अगदी कड्याशी वसलेले आहे. एका अंगाला जीवधन किल्ला उभा आहे आणि गावापासून थोड्याच अंतरावर नाणेघाटाचे तोंड लागते. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी, सातवाहनांच्या राज्यात, कल्याणकडचा माल बैलांच्या पाठीवर लादून याच घाटाने जुन्नरच्या बाजारपेठेत येत असे. घाटाच्या माथ्यावर एक दगडी रांजण आजही पाहावयास मिळतो. जकातीची नाणी त्यात टाकीत असत, असे लोक सांगतात. त्या काळी मालाचा आणि निरोपाचा वेग म्हणजे बैलाच्या आणि माणसाच्या पावलांचा वेग होता. पुढे आगगाडी आली, मोटार आली आणि १९३२ साली टपालाच्या पिशव्या घेऊन एक चिमुकले विमान सह्याद्री ओलांडू लागले. पावसाळ्यात घाटमाथ्यावर ढग इतके खाली उतरतात की, दहा पावलांवरचे झाड दिसेनासे होते. अशा ढगांतून वाट काढीत ते टपाल ठरल्या वेळी मुक्कामी पोचत असे. ही सेवा ज्यांनी सुरू केली, त्या जे. आर. डी. टाटा यांचे हे चरित्र आहे.

जहांगीर रतनजी दादाभाई टाटा यांचा जन्म २९ जुलै १९०४ रोजी फ्रान्सची राजधानी पॅरिस येथे झाला. त्यांचे वडील रतनजी दादाभाई हे थोर उद्योगपती जमशेटजी टाटा यांचे नातलग व सहकारी होते. आई फ्रेंच होती. वडिलांच्या व्यवसायामुळे या कुटुंबाचा मुक्काम कधी फ्रान्समध्ये, कधी मुंबईत, तर कधी दूर जपानमध्ये असे. सुटीच्या दिवसांत ही मंडळी फ्रान्सच्या समुद्रकिनाऱ्यावरील एका गावी राहावयास जात. तेथे त्यांच्या शेजारी लुई ब्लेरिओ यांचे घर होते. इंग्लंड व फ्रान्स यांच्यामधील खाडी १९०९ साली विमानातून प्रथम पार करणारे ते हेच धाडसी वैमानिक. त्या किनाऱ्यावरील वाळूत विमाने उतरत आणि लहानगा जहांगीर ती डोळे भरून पाही. आपणही एके दिवशी विमान चालवायचे, हा निश्चय त्याच्या मनाने तेथेच केला. पंधराव्या वर्षी त्याला प्रथमच विमानात बसण्याची संधी मिळाली. ती फेरी काही मिनिटांचीच होती. परंतु तिने त्याचा निश्चय अधिकच पक्का केला.

१९२५ साली वडिलांनी जहांगीर यांना भारतात बोलावून घेतले. त्यांनी टाटा उद्योगसमूहात बिनपगारी उमेदवार म्हणून कामास आरंभ केला. पुढच्याच वर्षी वडिलांचे निधन झाले आणि ऐन बाविशीत घराची जबाबदारी त्यांच्यावर येऊन पडली. दिवसा ते कारखानदारीचे धडे घेत. पण मन मात्र वेगाकडे धाव घेई. त्यांच्याजवळ बुगाटी या नामांकित फ्रेंच बनावटीची मोटार होती. शर्यतींसाठी गाजलेली ही मोटार ते मुंबईच्या रस्त्यांवरून भरधाव हाकीत. अतिवेगाबद्दल त्यांच्यावर एकदा खटलाही झाला. त्या निमित्ताने जॅक विकाजी या वकिलांकडे त्यांचे जाणे-येणे सुरू झाले आणि तेथेच वकिलांची पुतणी थेल्मा हिच्याशी त्यांचा परिचय झाला. १९३० च्या डिसेंबरमध्ये दोघांचा विवाह झाला. खटल्यातून विवाह जुळला, ही गोष्ट गमतीची खरी. परंतु गर्दीच्या रस्त्यावर वेगाला लगाम हवा, हेही तितकेच खरे. नुसत्या वेगाने माणूस मोठा होत नाही. वेगाला शिस्तीची जोड मिळाली, तरच त्यातून काही घडते. जहांगीर यांना ही शिस्त विमानविद्येने शिकविली.

मुंबईत जुहू येथे विमान चालविण्याचे शिक्षण सुरू होताच त्यांनी तेथे आपले नाव नोंदविले. विमान चालविणाऱ्याला क्षणभरही बेफिकीर राहून चालत नाही. उड्डाणापूर्वी प्रत्येक खिळा, प्रत्येक तार, तेलाचा प्रत्येक थेंब तपासावा लागतो. वाऱ्याची दिशा ओळखावी लागते, नकाशा वाचावा लागतो. जहांगीर यांनी हे सारे झपाट्याने आत्मसात केले. १० फेब्रुवारी १९२९ रोजी त्यांना वैमानिकाचा परवाना मिळाला. भारतात दिल्या गेलेल्या परवान्यांत त्याचा क्रमांक पहिला होता.

त्याच वर्षाच्या अखेरीस एक मोठी घोषणा झाली. इंग्लंड व भारत यांमधील प्रवास एकट्याने विमान चालवून प्रथम पूर्ण करणाऱ्या भारतीयाला आगाखान यांनी ५०० पौंडांचे बक्षीस जाहीर केले. प्रवास कोणत्याही बाजूने सुरू करावा. मात्र तो एका महिन्याच्या आत संपला पाहिजे, अशी अट होती. तीन तरुण पुढे आले. मनमोहनसिंग आणि अस्पी इंजिनियर हे इंग्लंडहून भारताकडे निघणार होते, तर जहांगीर कराचीहून इंग्लंडकडे. अस्पी हा तर अवघा सतरा वर्षांचा मुलगा होता.

त्या वेळची विमाने आजच्यासारखी नव्हती. जिप्सी मॉथ हे विमान लाकूड आणि कापड यांचे बनविलेले असे. त्याला एकच इंजिन असे. वैमानिकाची बैठक उघडी असल्यामुळे ऊन, वारा, पाऊस आणि वाळू यांचा मारा थेट तोंडावर होई. जमिनीवरील माणसांशी बोलण्यास बिनतारी यंत्र नव्हते. मांडीवर नकाशा, समोर होकायंत्र आणि खाली दिसणाऱ्या नद्या व किनारे, एवढ्यावरच सारी भिस्त. वेग ताशी दीडशे किलोमीटरांच्याही आतच. म्हणून हजारो किलोमीटरांचा हा प्रवास लहान लहान टप्प्यांनी करावा लागे. वाळवंटात इंजिन बंद पडले, तर मदत केव्हा येईल, याचा नेम नसे.

मे १९३० मध्ये जहांगीर कराचीहून निघाले. इराणचा किनारा, इराकचे वाळवंट असे टप्पे मागे टाकीत ते इजिप्तमध्ये पोचले. अलेक्झांड्रिया शहराजवळ अबूकीर येथे विमानतळ होता. तेथे उतरताच त्यांना आणखी एक जिप्सी मॉथ उभे असलेले दिसले. ते होते अस्पी इंजिनियर यांचे. चौकशी करता कळले की, अस्पींच्या इंजिनातील स्पार्कप्लग निकामी झाले आहेत. इंजिनातील इंधनाच्या वाफेला ठिणगी देऊन पेटविणारा हा चिमुकला भाग. तो नसेल, तर अख्खे विमान जागचे हलत नाही. अस्पींजवळ जादा प्लग नव्हते आणि नवे केव्हा मिळतील, याची वाट पाहत तो मुलगा तेथे अडकून पडला होता.

या क्षणी जहांगीर यांच्यापुढे दोन मार्ग होते. अस्पी हे त्यांचे प्रतिस्पर्धी होते. ते जेवढे दिवस अबूकीरला अडकून राहतील, तेवढा जहांगीर यांचा विजय जवळ येणार होता. त्यासाठी काही कपट करण्याची गरज नव्हती. गप्प राहून पुढे निघून जाणे एवढेच पुरे होते. कोणी त्यांना दोषही दिला नसता. शिवाय त्यांचा स्वतःचा प्रवास अजून संपलेला नव्हता. पुढे त्यांचेच प्लग बिघडले असते, तर जवळच्या जादा प्लगांवाचून त्यांचीही तीच गत झाली असती. परंतु जहांगीर यांच्या मनाला असा विजय रुचणारा नव्हता. प्रतिस्पर्ध्याचे विमान जमिनीला खिळले असताना जिंकलेली शर्यत ही शर्यतच नव्हे, असे त्यांना वाटले असावे. त्यांनी आपल्याजवळचे जादा प्लग काढले आणि अस्पींच्या हाती ठेवले. दोन्ही विमाने एकाच जातीची असल्यामुळे ते प्लग चपखल बसले. मग दोघांनी परस्परांचा निरोप घेतला. एकाचे विमान पूर्वेकडे झेपावले, दुसऱ्याचे पश्चिमेकडे.

निकाल काय लागला? अस्पी कराचीला आधी पोचले. जहांगीर यांनी आपला प्रवास पुरा केला, तेव्हा अस्पी केवळ काही तासांनी पुढे होते. मनमोहनसिंग यांनीही मोठ्या जिद्दीने प्रवास तडीस नेला. पण तो महिन्याच्या मुदतीत बसला नाही. बक्षीस अस्पींना मिळाले. जहांगीर यांना त्याबद्दल खेद झाला नाही. पुढे आयुष्यभर ते ही हकिकत आनंदाने सांगत. त्या यशाच्या बळावर अस्पींना हवाई दलाच्या शिक्षणाची वाट मोकळी झाली. तोच मुलगा पुढे एअर मार्शल झाला आणि १९६० ते १९६४ या काळात स्वतंत्र भारताच्या हवाई दलाचा प्रमुख होता. अबूकीरला दिलेल्या त्या मूठभर प्लगांनी देशाला काय दिले, हे त्या दिवशी कोणाला सांगता आले असते?

शर्यत संपली, पण जहांगीर यांचा वेगाचा ध्यास संपला नाही. आता तो एका मोठ्या कार्याकडे वळला. नेव्हिल व्हिन्सेंट नावाच्या वैमानिकाने विमानाने टपाल नेण्याची योजना त्यांच्यापुढे मांडली होती. विलायतेहून येणारे टपाल विमानाने कराचीपर्यंत येई. तेथून पुढे मात्र त्याला आगगाडीने रखडत यावे लागे. ते कराचीहून मुंबईमार्गे मद्रासपर्यंत विमानाने न्यावे, अशी ही योजना होती. सरकारने ती मान्य करावयास दोन-तीन वर्षे लावली. पण दोघांनीही चिकाटी सोडली नाही.

अखेर १५ ऑक्टोबर १९३२ हा दिवस उजाडला. सकाळी कराचीच्या विमानतळावरून पस मॉथ जातीचे छोटे विमान निघाले. त्यात सुमारे २५ किलो टपाल होते आणि वैमानिकाच्या जागी स्वतः जहांगीर होते. वाटेत अहमदाबादला इंधन घेण्यासाठी विमान उतरले. तेथे पेट्रोलचे डबे आणले होते ते बैलगाडीतून! ज्या बैलांनी शतकानुशतके घाटवाटा चढून माल वाहिला, त्यांच्याच खांद्यावरून नव्या युगाच्या वाहनाला इंधन मिळाले. दुपारी विमान मुंबईस जुहूच्या मैदानावर उतरले. तेथून पुढचा मद्रासपर्यंतचा टप्पा व्हिन्सेंट यांनी पार पाडला. भारतीय विमानवाहतुकीचा पाया त्या दिवशी घातला गेला.

सेवा सुरू करणे कठीण असते. ती टिकविणे त्याहून कठीण. जुहूचे मैदान पावसाळ्यात पाण्याखाली जाई. मग विमानांचा तळ पुण्याला हलवावा लागे. सह्याद्रीवर दाटलेल्या ढगांत शिखरे दडून बसत आणि वैमानिकाच्या कौशल्याची कसोटी लागे. तरीही पहिल्या वर्षभरात एकही टपाल चुकले नाही. सरकारच्या विमानवाहतूक खात्याने या शंभर टक्के नियमितपणाचा आपल्या अहवालात गौरव केला आणि पश्चिम घाटावरील पावसाळी उड्डाणांचा त्यात खास उल्लेख केला. १९३३ साली या सेवेने १५५ प्रवासी आणि सुमारे १० टन टपाल नेले. आज हे आकडे लहान वाटतील. परंतु त्यांच्यामागील वक्तशीरपणा लहान नव्हता.

१९३८ साली, वयाच्या ३४ व्या वर्षी, जहांगीर टाटा उद्योगसमूहाचे अध्यक्ष झाले. पोलाद, वीज, मोटारी, रसायने अशा अनेक उद्योगांचा भार त्यांनी वाहिला. पण विमानांचे स्थान त्यांच्या मनात आगळेच राहिले. टपालाच्या त्या छोट्या सेवेतूनच १९४६ साली एअर इंडिया ही कंपनी उभी राहिली. ८ जून १९४८ रोजी स्वतंत्र भारताचे 'मलबार प्रिन्सेस' हे विमान मुंबईहून लंडनकडे झेपावले. १९५३ साली सरकारने विमानवाहतूक आपल्या हाती घेतली. जहांगीर यांना ते पटले नव्हते. तरी त्यांनी रागाने पाठ फिरविली नाही. एअर इंडियाच्या अध्यक्षपदाची धुरा त्यांनी १९७८ पर्यंत वाहिली. प्रवासात ते विमानातील लहानसहान उणिवा टिपून ठेवीत आणि अधिकाऱ्यांना कळवीत. उड्डाणापूर्वी प्रत्येक खिळा तपासण्याची तरुणपणची सवय त्यांनी म्हातारपणीही सोडली नाही.

१९८२ साली त्या पहिल्या टपालउड्डाणाला पन्नास वर्षे झाली. तेव्हा जहांगीर ७८ वर्षांचे होते. त्या वयात त्यांनी १५ ऑक्टोबरला जुन्या धाटणीच्या लेपर्ड मॉथ विमानात बसून कराची ते जुहू हा प्रवास पुन्हा एकट्याने केला. देशातील तरुणांच्या मनात साहसाची आवड जागी व्हावी, हाच त्यामागील हेतू होता.

१९९२ साली भारत सरकारने त्यांना 'भारतरत्न' हा सर्वोच्च किताब अर्पण केला. २९ नोव्हेंबर १९९३ रोजी स्वित्झर्लंडमधील जिनिव्हा येथे त्यांनी देह ठेवला. ज्या पॅरिस नगरीत ते जन्मले, तेथेच त्यांचे दफन झाले. त्यांनी वाढविलेली एअर इंडिया जानेवारी २०२२ मध्ये पुन्हा टाटा समूहाकडे आली.

जहांगीर यांनी आयुष्यात कितीतरी उड्डाणे केली, कितीतरी उद्योग वाढविले. तरीही त्यांची खरी ओळख पटते ती अबूकीरच्या त्या विमानतळावर. तेथे ते शर्यत हरले, कारण दुसऱ्याला अडचणीत सोडून जिंकणे त्यांना नको होते. वेगाने पुढे जाण्याची हौस पुष्कळांना असते. पण धावता धावता अडलेल्या प्रतिस्पर्ध्यासाठी जो क्षणभर थांबतो, त्याचेच नाव शर्यत संपल्यावरही लोकांच्या मनात राहते.