औषधापर्यंतची वाट

भातकुली तालुक्यातल्या ऋणमोचनला पूर्णेच्या काठी पौषातल्या रविवारी यात्रा भरते. सव्वाशे वर्षांपूर्वी तिथे घाट नव्हता. काळ्या मातीच्या चिखलात घसरत, पडत लोक पाण्यापर्यंत जात. अंगावर चिंध्या, हाती खराटा अन् मडक्याचं खापर घेतलेला एक माणूस तिथे वाट साफ करी, म्हाताऱ्याकोताऱ्यांना हात देई. पुढे त्यानेच लोकांकडून मदत गोळा करून घाट बांधला. हे डेबूजी झिंगराजी जानोरकर, म्हणजे गाडगेबाबा.

जन्म २३ फेब्रुवारी १८७६ चा, अंजनगाव सुर्जी तालुक्यातल्या शेंडगावचा. वडिलांना दारूने लवकर नेलं. आई सखुबाई लेकराला घेऊन दापुऱ्याला माहेरी आली. मोठेपणी मुलीच्या बारशाला डेबूजींनी दारू-मटणाची पंगत नाकारून गोडाचं जेवण घातलं, भाऊबंद रुसले तरी. १९०५ मध्ये घर सोडलं.

पंढरपूर, नाशिक, आळंदीच्या धर्मशाळा सर्वांना ठाऊक आहेत. आरोग्याच्या दृष्टीने मोठी ठरली ती मात्र तीर्थक्षेत्री नव्हेच, तर १९५४ मध्ये मुंबईत जे. जे. रुग्णालयाजवळ झाली. खेड्यातल्या रोग्याला इस्पितळात खाट मिळे. सोबतच्या माणसाने कुठे निजावं, काय खावं? सोबतीचा माणूस परतला की रोगीही उपचार अर्धवट टाकून गावाकडे निघे. बाबांनी हा अडसर ओळखला. पुढे दादरला त्यांच्या मिशनची धर्मशाळा कर्करुग्णांच्या कामी आली.

एचआयव्हीचा रोग बाबांनी पाहिला नाही, पण अडसर तोच आहे. सरकारी एआरटी केंद्रांत २००४ पासून औषध मोफत मिळू लागलं. रोज न चुकता घेतल्याने रक्तातला विषाणू चाचणीत सापडेनासा झाला, की लैंगिक संबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. म्हणजे एकाच्या गोळीने दोघांचं रक्षण होतं. मात्र औषधासाठी खेड्यातून अमरावती गाठायची, तर एसटीचं भाडं लागतं, दिवसाची मजुरी बुडते आणि रांगेत गावचं कुणी भेटेल ही धास्ती वेगळीच. गोळ्या चुकतात त्या इथे.

शेवटच्या आजारात बाबांनाही अमरावतीकडेच नेत होते. २० डिसेंबर १९५६ रोजी वलगावजवळ, पेढी नदीच्या पुलावर, गाडीतच त्यांचा प्राण गेला.