निळ्या पाण्याचा प्रश्न

मी कला शाखेचा विद्यार्थी. विज्ञानाची आणि माझी फारकत दहावीलाच झाली. आमचे घर तानसा तलावाजवळ. १८९२ साली पुऱ्या झालेल्या या तलावाचे पाणी मुंबईला जाते. दिवाळीनंतर ते निळे दिसू लागते. ओंजळीतले पाणी मग निळे का नाही, असे धाकट्या भावाने एकदा विचारले. आभाळाचे प्रतिबिंब, दुसरे काय, असे म्हणून मी त्याला गप्प केले. पुढे चंद्रशेखर वेंकट रामन यांचे चरित्र वाचले आणि मला माझी लाज वाटली.

रामन यांचा जन्म ७ नोव्हेंबर १८८८ रोजी तिरुचिरापल्लीस झाला. १९०७ साली त्यांना कलकत्त्यास अर्थखात्यात मोठी नोकरी मिळाली. कचेरीच्या आधी आणि नंतर ते प्रयोग करीत. १९१७ साली ती नोकरी सोडून त्यांनी कमी पगाराची प्राध्यापकी पत्करली.

१९२१ साली विलायतेहून बोटीने परतताना त्यांनी भूमध्य समुद्राची निळाई पाहिली. ते आकाशाचे प्रतिबिंब, असे रॅलेसारख्या थोर शास्त्रज्ञाने सांगून ठेवले होते. रामन यांनी साध्या निकोल लोलकातून वरची चमक वगळून पाहिले. निळाई उरलीच! पाण्याचे रेणूच प्रकाश विखुरतात, असे टिपण त्यांनी मुंबई बंदरातून पाठविले. पाणी तांबडा प्रकाश शोषून घेते, हे निळाईचे दुसरे मोठे कारण आज आपल्याला ठाऊक आहे. पण शोधाची वाट त्या प्रश्नानेच उघडली.

२८ फेब्रुवारी १९२८ रोजी कृष्णन यांच्या साथीने त्यांना दिसले, की विखुरलेल्या प्रकाशाचा अल्पसा अंश तरंगलांबी बदलून येतो; कारण रेणू त्याची थोडी ऊर्जा घेतात किंवा त्याला देतात. १९३० साली या शोधास नोबेल पारितोषिक मिळाले. केसासारख्या काचतंतूतून धावणारे प्रकाशाचे अतिसूक्ष्म स्पंद वाटेत आपोआप तांबड्या बाजूस सरकतात, हे १९८६ साली आढळले. त्यामागेही हाच रामन परिणाम! हवी ती तरंगलांबी मिळविण्यासाठी शास्त्रज्ञ आता त्याचा उपयोग करतात.

हे पाहण्यास रामन नव्हते. २१ नोव्हेंबर १९७० रोजी बंगळूर येथे त्यांचे निधन झाले.

मित्रहो, माझा भाऊ हल्ली मला काही विचारीत नाही. या सुट्टीत त्याला घेऊन मी तलावावर जाणार आहे. या खेपेस प्रश्न मी विचारीन.