माजी विद्यार्थिनींची मोजदाद करणारी अधिष्ठात्री : रॅचेल बॉडले

डॉ. आनंदीबाई जोशी यांचे नाव मराठी वाचकास नवे नाही. काशीबाई कानिटकरांनी लिहिलेल्या चरित्रापासून श्री. ज. जोशी यांच्या 'आनंदी गोपाळ' या कादंबरीपर्यंत अनेक ग्रंथांनी ती कहाणी मराठी घराघरांत पोहोचविली आहे. या कहाणीत फिलाडेल्फिया येथील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या एका अधिष्ठात्रीचे नाव येते आणि आनंदीबाईंना आधार देऊन ते मागे पडते. हे नाव रॅचेल लिटलर बॉडले यांचे होय. आनंदीबाईंचे चरित्र जितके आपल्या परिचयाचे, तितकेच या बाईंचे चरित्र अपरिचित राहिले. शिकून बाहेर पडलेल्या स्त्रियांनी एकत्र येण्याला किती मोल असते, हे ज्यांनी ओळखले, त्यांत बॉडलेबाईंचे स्थान मोठे आहे.

त्यांचा जन्म ७ डिसेंबर १८३१ रोजी अमेरिकेतील सिनसिनाटी या शहरी झाला. वडील सुतारकाम व साचे बनविण्याचा व्यवसाय करीत, तर आई खासगी शाळा चालवीत असे. बाराव्या वर्षापर्यंत रॅचेलचे शिक्षण आईच्याच शाळेत झाले. पुढे त्याच गावच्या वेस्लियन स्त्री-महाविद्यालयातून १८४९ मध्ये त्या पदवीधर झाल्या व तेथेच अध्यापन करू लागल्या. अकरा वर्षांनी, वयाच्या तिशीच्या उंबरठ्यावर असताना, त्या पुन्हा विद्यार्थिनी झाल्या आणि रसायन व पदार्थविज्ञान शिकण्यासाठी फिलाडेल्फियास गेल्या. परतल्यावर १८६२ पासून त्यांनी सिनसिनाटीच्या स्त्री-विद्यालयात निसर्गविज्ञान शिकविले. त्या विद्यालयाकडे जोसेफ क्लार्क यांचा वाळविलेल्या वनस्पतींचा मोठा संग्रह आला होता. बाईंनी त्यातील एकेक वनस्पती ओळखून, तिचे वर्गीकरण करून १८६५ मध्ये त्याची सूची सिद्ध केली. विखुरलेले गोळा करणे, मोजणे आणि नोंदविणे हा त्यांच्या स्वभावाचा विशेष येथेच प्रथम दिसतो.

त्याच वर्षी फिलाडेल्फियाच्या महाविद्यालयाने त्यांना रसायनशास्त्राच्या अध्यापिका म्हणून बोलावले. १८५० मध्ये स्थापन झालेल्या या महाविद्यालयाचे दिवस तेव्हा खडतर होते. फिलाडेल्फियाच्या जिल्हा वैद्यकीय संस्थेने १८५८ मध्येच आपल्या सभासदांना स्त्री-डॉक्टरांशी व त्यांना शिकविणाऱ्यांशी व्यावसायिक सल्लामसलत करण्यास मज्जाव केला होता. १८६९ च्या नोव्हेंबरात महाविद्यालयाच्या विद्यार्थिनी शहरातील मोठ्या रुग्णालयात व्याख्यानास गेल्या असता पुरुष विद्यार्थ्यांनी आरडाओरडा करून व अवमानकारक वर्तन करून त्यांची विटंबना केली. अशा काळात अ‍ॅन प्रेस्टन यांनी महाविद्यालयाचे अधिष्ठातेपद सांभाळले. त्या स्वतः पहिल्या तुकडीच्या पदवीधर होत्या. १८७२ मध्ये त्या निवर्तल्या आणि दोन वर्षांनी, १८७४ मध्ये, ते पद बॉडलेबाईंकडे आले.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. बॉडलेबाई डॉक्टर नव्हत्या, त्या रसायनशास्त्रज्ञ होत्या. आणि त्या क्षेत्रात त्यांचा अधिकार मोठा होता. प्राणवायूच्या शोधाला १८७४ मध्ये शंभर वर्षे पूर्ण होत असताना, हा सोहळा जोसेफ प्रिस्टली यांचे अखेरचे वास्तव्य जेथे झाले व जेथे त्यांची समाधी आहे, त्या नॉर्थंबरलँड गावी व्हावा, ही सूचना त्यांचीच. तेथे जमलेल्या रसायनशास्त्रज्ञांच्या विचारविनिमयातूनच पुढे १८७६ मध्ये अमेरिकन केमिकल सोसायटीची स्थापना झाली. वैद्यकीय पदवी मात्र त्यांना १८७९ मध्ये महाविद्यालयाने सन्मानपूर्वक दिली, ती परीक्षा देऊन मिळविलेली नव्हती.

त्यांच्या कारकिर्दीच्या आरंभीच, १८७५ मध्ये, महाविद्यालयाच्या माजी विद्यार्थिनींचा संघ स्थापन झाला. आज माजी विद्यार्थ्यांचा मेळावा म्हटला की जुन्या आठवणी, भोजन आणि देणग्यांचे आवाहन एवढेच डोळ्यांपुढे येते. या संघाचे प्रयोजन याहून निकडीचे होते. शहरातील जिल्हा वैद्यकीय संस्थेचे दार या डॉक्टरांना बंद होते आणि ते १८८८ पर्यंत उघडले नाही. गुंतागुंतीचा रोगी हाताशी आला तर सल्ला कोणाचा घ्यावा, स्वतःचा अनुभव कोणापुढे मांडावा, हा प्रश्न प्रत्येकीपुढे होता. माजी विद्यार्थिनींच्या वार्षिक सभेत निबंध वाचले जात व त्यांची इतिवृत्ते छापली जात. दूरच्या गावी एकट्याने व्यवसाय करणाऱ्या स्त्रीला हीच आपली वैद्यकीय संस्था होती.

बाहेरच्या जगात या काळी एक वाद पेटला होता. बोस्टनच्या डॉ. एडवर्ड क्लार्क यांनी १८७३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात, मुलांच्या बरोबरीने उच्च शिक्षण घेतल्यास मुलींची प्रकृती व मातृत्वाची शक्ती खालावते, असे प्रतिपादन केले होते. प्रतिपादन मूठभर उदाहरणांवर आधारलेले होते, परंतु एका नामांकित वैद्याचे असल्यामुळे ते सर्वत्र मानले गेले. मुलींना शिकवून काय उपयोग, विवाह होताच त्या व्यवसाय सोडून देतात, हा आक्षेप त्याच्या जोडीला होताच.

बॉडलेबाईंनी या वादाला मोजदादीने उत्तर दिले. महाविद्यालयाच्या हयात असलेल्या २४४ पदवीधर स्त्रियांना त्यांनी प्रश्नपत्रिका धाडल्या. व्यवसाय चालू आहे काय, कोणत्या प्रकारचा आहे, प्राप्ती किती होते, वैद्यकीय संस्थांचे सभासदत्व मिळाले काय, आणि वैद्यकीय अध्ययनाचा व व्यवसायाचा पत्नी व माता म्हणून आपल्या जीवनावर कोणता परिणाम झाला, असे ते प्रश्न होते. १८९ जणींची उत्तरे आली. त्यांपैकी १६६ जणी प्रत्यक्ष व्यवसाय करीत होत्या. ज्या ७६ जणींनी आपली प्राप्ती कळविली, तिची वार्षिक सरासरी तीन हजार डॉलरांच्या जवळपास होती. संसारासंबंधीच्या प्रश्नाला उत्तर देणाऱ्यांपैकी बहुतेकींनी परिणाम हितकारकच झाल्याचे कळविले. १८८१ च्या पदवीदान समारंभातील निरोपाच्या भाषणात बाईंनी हे सारे मांडले. अमेरिकेतील स्त्री-डॉक्टरांच्या जीवनाची अशी पद्धतशीर पाहणी करण्याचा हा आरंभीचा प्रयत्न होय. माजी विद्यार्थिनींचे पत्ते जपले गेले नसते, तर ही पाहणी झालीच नसती, हे विसरून चालणार नाही.

या पदवीधरांमधून कित्येक जणी समुद्रापार गेल्या होत्या. १८६९ च्या पदवीधर क्लारा स्वेन १८७० मध्ये बरेलीस आल्या आणि हिंदुस्थानात स्त्रियांसाठी वैद्यकीय काम करू लागल्या. १८७९ च्या अ‍ॅना कुग्लर १८८३ मध्ये गुंटूरकडे निघाल्या. हिंदुस्थानातील स्त्रिया पुरुष वैद्यापुढे येत नाहीत व उपचाराविना मरतात, ही हकीकत त्यामुळे महाविद्यालयास ठाऊक होती. आनंदीबाईंचा अर्ज आला, तेव्हा बॉडलेबाईंना त्याचे महत्त्व चटकन उमगले, त्याला ही पार्श्वभूमी होती.

१८८३ च्या शरद ऋतूत आनंदीबाई महाविद्यालयात दाखल झाल्या. अध्ययन कठीण, हवा थंड, आहार परका आणि प्रकृती मुळात नाजूक. अशा स्थितीत ११ मार्च १८८६ रोजी त्यांनी पदवी मिळविली. त्या समारंभास बॉडलेबाईंच्या निमंत्रणावरून पंडिता रमाबाई इंग्लंडहून आल्या होत्या. कोल्हापूरच्या रुग्णालयातील स्त्री-विभागाचे काम आनंदीबाईंनी स्वीकारले, परंतु त्या तेथे रुजू होऊ शकल्या नाहीत. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुणे येथे, वयाची बावीस वर्षे पुरी होण्यापूर्वीच, त्यांचे क्षयाने निधन झाले. ज्या अधिष्ठात्रीने विद्येने स्त्रीची प्रकृती बिघडत नाही हे आकड्यांनिशी दाखविले होते, तिच्याच लाडक्या विद्यार्थिनीच्या वाट्याला हा अकाल मृत्यू यावा, हा दैवदुर्विलास म्हटला पाहिजे. एका मृत्यूने १८९ उत्तरे खोटी ठरत नाहीत. परंतु आक्षेप घेणाऱ्यांना एक मृत्यूही पुरेसा वाटतो, हे बाईंसारख्या अनुभवी स्त्रीला कळत नसेल असे नाही.

त्या खचून स्वस्थ बसल्या नाहीत. रमाबाईंचे 'द हाय-कास्ट हिंदू वूमन' हे इंग्रजी पुस्तक १८८७ मध्ये फिलाडेल्फियास प्रसिद्ध झाले, त्याची प्रस्तावना बॉडलेबाईंनी लिहिली आणि तीत आनंदीबाईंचे जीवन आदराने सांगितले. त्या श्रद्धाळू ख्रिस्ती होत्या, तर आनंदीबाई अखेरपर्यंत स्वधर्मात राहिल्या. या भेदाने त्यांच्या जिव्हाळ्यात उणेपणा आला नाही, याची नोंद अवश्य करावयास हवी. या पुस्तकाने अमेरिकेत जी सहानुभूती निर्माण केली, तिच्या बळावर त्याच वर्षाच्या अखेरीस बोस्टन येथे रमाबाई असोसिएशनची स्थापना झाली. तिच्या साह्याने मुंबईस शारदा सदन उघडले, तो दिवसही ११ मार्चच, साल १८८९. तो पाहण्यास बॉडलेबाई उरल्या नव्हत्या. १५ जून १८८८ रोजी फिलाडेल्फिया येथे हृदयविकाराने त्यांचा अंत झाला होता.

त्यांच्यामागे १८७५ च्या पदवीधर क्लारा मार्शल अधिष्ठात्री झाल्या. १८९२ मध्ये गुरुबाई करमरकर याच महाविद्यालयातून डॉक्टर झाल्या आणि पुढे मुंबईस परतून अमेरिकन मराठी मिशनमध्ये त्यांनी दीर्घकाळ रुग्णसेवा केली. आनंदीबाईंना जे करावयाचे होते, ते असे दुसऱ्या हातांनी पुढे चालले. १९७० मध्ये महाविद्यालयात पुरुषांना प्रवेश मिळाला व नावातील 'स्त्री' हा शब्द गळाला. पुढे विलीनीकरणे होऊन ते फिलाडेल्फियातील ड्रेक्सेल विद्यापीठात समाविष्ट झाले. जुनी संस्था अशी नावाने उरली नाही, परंतु तिचे दप्तर त्या विद्यापीठाच्या अभिलेखागारात सुरक्षित आहे. आनंदीबाईंसंबंधीचे कागद व छायाचित्रे अभ्यासकांना मिळतात ती तेथूनच.

नोंदवही, सभासदांची यादी, वार्षिक इतिवृत्त या गोष्टी रूक्ष वाटतात. ग्रंथालयाच्या कपाटात त्या बहुधा सर्वांत खालच्या फळीवर असतात. परंतु संस्थेच्या अस्तित्वाचा जाब विचारला जातो, तेव्हा पुढे करावयास त्याच उपयोगी पडतात. बॉडलेबाईंनी पाठविलेल्या २४४ प्रश्नपत्रिकांनी हे एकदा सिद्ध करून दाखविले आहे.