खुर्द्यातले राजे

सोन्याचे नाणे सापडले की गावभर बोभाटा होतो. काळवंडलेली, गंजकी चकती मात्र मुकाट्याने भंगारात जाते. सातवाहनांचे काही राजे अशा चकत्यांवरच अडकून पडले होते. त्यांना ओळख मिळवून दिली ती महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशी यांनी.

मिराशींचा जन्म १८९३ सालचा, देवगड तालुक्यातील कुवळे गावचा. १९१९ मध्ये ते नागपूरच्या मॉरिस कॉलेजात संस्कृतचे प्राध्यापक म्हणून आले आणि पुढे विदर्भाचेच होऊन गेले. चांदा जिल्ह्यातील, म्हणजे आजच्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या मुलखातील, देवटेकच्या शिलालेखात आलेले गाव म्हणजे जवळचे चिकमारा, हेही त्यांनीच ओळखले.

याच चांद्याकडे गेल्या शतकाआधीच सातवाहनांच्या पोटीन नाण्यांचा एक साठा सापडला होता. पोटीन म्हणजे तांब्यात कथील-शिसे मिसळलेला हलका धातू. एका अंगाला सोंड उंचावलेला हत्ती आणि कडेने राजाचे नाव. दुसऱ्या अंगाला उज्जैन चिन्ह. इंग्रज पंडित रॅप्सन यांनी १९०८ च्या आपल्या सूचीत यांपैकी काही नाणी कृष्ण नावाच्या राजाची ठरवली.

पण ही नाणी वाचणे म्हणजे दिव्यच! ठसा मोठा, चकती लहान. निम्मी अक्षरे काठाबाहेरच राहिलेली. एका नाण्यावर नावाचा आरंभ, तर शेवट दुसऱ्याच नाण्यावर. म्हणून सुटे नाणे फार तर कपाटात शोभते. नाव जुळते ते सबंध साठा एकत्र राहिला तरच. साठ्यातली चार नाणी इकडे, चार तिकडे वाटली गेली की त्याबरोबर एखादा राजाही हरवतो. हौशी संग्राहकांना हे कटू वाटेल, पण खरे आहे.

१९३९ साली मंगरूळपीरजवळच्या तऱ्हाळ्याला अशी सुमारे सोळाशे नाणी निघाली. सुदैवाने ती अभ्यासासाठी मिराशींच्या हाती आली. तुकडा तुकडा जुळवीत त्यांनी कुंभ, कर्ण आणि शक ही नावे लावली. पुराणांतल्या वंशावळींत या तिघांचा पत्ताच नाही! मग त्यांनी चांद्याच्या नाण्यांकडे नव्याने पाहिले. तिथला राजा कृष्ण नव्हता, कर्ण होता.

मिराशींना १९७५ साली पद्मभूषण मिळाले आणि १९८५ मध्ये, ब्याण्णव वर्षांचे होऊन, ते गेले. कर्ण सातकर्णीचे नाव त्यापूर्वीच सातवाहनांच्या यादीत जाऊन बसले होते.